मे महिन्यातली हजामत

माझ्या बायकोनं लग्नाच्या सव्वीस वर्षांत माझ्याकडे हट्टानं एकच गोष्ट मागितली, आणि तिची मी हजामत करून ठेवली. हे अलंकारिक वगैरे नाही. खरोखरची हजामत, मशीन लावून.

ती गोष्ट म्हणजे एक पॉमेरियन कुत्रा. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली आणि शेलार गावातल्या घरात आम्ही तिघं उरलो: मी, बायको आणि माझी आई. मी दिवसभर भिवंडीत पेढीवर, आई दिवसभर टीव्हीसमोर. एक दिवस भाजी निवडताना बायको म्हणाली, "मला एक छोटं कुत्रं हवंय. मांडीवर मावेल असं."

मी म्हटलं, पाळायचंच तर मोठं पाळू, गोदामाची राखणही होईल.

"गोदामाला हवं असेल तर तुमचं तुम्ही पाळा," ती म्हणाली. "हे माझं असणारे."

'माझं' हा शब्द तिच्या तोंडून मी क्वचितच ऐकलेला. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

आमचा धंदा कोऱ्या कापडाचा. लूमवरनं उतरलेला तागा डोळे मिटून चिमटीत धरला, की सूत कुठलं आणि वीण किती घट्ट, ते मी सांगतो. ही विद्या खरी आहे. फक्त ती अंगात आली, की कापडाबाहेरचंही सगळं आपल्याला कळतं असं वाटायला लागतं. आंबे, गाद्या, सोफे मी हात लावूनच पसंत करतो. जावई पसंत केला तोही हस्तांदोलन करून.

जवळच्या कोन गावात एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्या घरच्या कुत्रीला तीन पिल्लं झाली होती. बाईंनी आधी आमचीच तोंडी परीक्षा घेतली. दिवसा घरी कोण असतं? जिने किती? उन्हाळ्यात पंखा लागतो का? सोफ्यावरनं उड्या मारू द्याल का? या जातीचे गुडघे नाजूक असतात. मुलीचं स्थळ घेऊन आल्यासारखा मी घामाघूम. शेवटी त्यांनी आईसकट पिल्लं समोर आणली. मी तिघांच्या पाठीवरनं बोटं फिरवली आणि निकाल दिला, "तो मधला घेऊ. पोत दाट आहे."

बायकोनं ऐकलंच नाही. एक पिल्लू येऊन तिच्या पावलावर बसलं होतं आणि ती पाऊल न हलवता उभी होती.

"हा," ती म्हणाली.

"याचा माल हलका आहे," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा चौथीत गेलो.

पाचव्या महिन्यात त्या पिल्लाचे लहानपणचे केस झडले. तोंड माकडासारखं, अंग झिजलेल्या ब्रशासारखं. मी रोज एकदा तरी म्हणायचो, "सांगितलं होतं." बायको रोज ब्रश करायची. वर्ष झालं आणि पठ्ठ्या असा फुलला, की कापसाचं बोंडच चालत यावं. मानेभोवती झालर, पाठीवर गादी. मी हात लावून पाहिला. तसा पोत चाळीस वर्षांत बोटांना लागला नव्हता. मी हे कुणाला बोललो नाही. बायकोनंही विषय काढला नाही, हा तिचा मोठेपणा. तो मला जास्त टोचायचा.

त्याचं नाव बायकोनं ठेवलंय. ते इथं लिहीत नाही, कारण नेमकं तेच एका साडूचं घरातलं नाव निघालं आणि तो अजून बोलत नाही.

एप्रिलात मुलीला सातवा लागला. डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं. तिच्या सासूबाई मोकळ्या होईपर्यंत सहा आठवडे बायकोला नाशिकला जाणं भाग होतं. जाताना तिनं फ्रिजवर कागद चिकटवला: रोज ब्रश. सकाळी सातच्या आत फिरवणे. पट्टा छातीचा, गळ्याचा नको, खोकला लागतो. द्राक्षं, चॉकलेट, कांदा बिलकूल नाही. काही वाटलं तर फोन करणे.

गाडीत बसताना म्हणाली, "अहो, त्याला सांभाळा. दुसरं काही नाही केलंत तरी चालेल."

पुढे मी पुष्कळ दिवस मनातल्या मनात बचाव करत होतो, की कागदावर 'भादरू नये' असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. खरंय. गॅसवर बसू नये असंही लिहिलेलं नव्हतं.

मे उजाडला. भिवंडीचा मे म्हणजे आधी घाम आणि त्यावर कापसाचं तूस. कुत्रा फरशीवर पसरून धापा टाकायचा. ब्रश करायला बसलो तर शेजारच्या लूमवरनं उडालेलं तूस त्याच्या केसांत असं गुंतलेलं, की त्याचं कुठलं आणि लूमचं कुठलं कळेना. मला त्याची दया आली. माझी दया नेहमी हातात काहीतरी घेऊनच येते. कोऱ्या कापडावरची लव काढली की कापड कसं खुलतं, हे मी आयुष्यभर पाहिलेलं. नाक्यावरच्या आमच्या न्हाव्याला घरी बोलावलं.

त्यानं कुत्र्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. "सेठ, ये बकरी नहीं है."

"गरमी में मर जाएगा. उतार दे."

"ऊपरवाले ने दिया है, तो कुछ सोच के दिया होगा."

"दाढ़ी भी ऊपरवाले ने दी है. तेरी दुकान किस पे चलती है?"

हे माझं त्या वर्षातलं सगळ्यात हुशार वाक्य. न्हाव्यानं मशीन सुरू केलं. तोंड आणि शेपटी तेवढी मी राखायला सांगितली, सिंहासारखं दिसावं म्हणून.

आई दुपारची झोप संपवून बाहेर आली. दारातच थांबली.

"अरं, ह्यो काय केलास त्याचं? सोललेला कोंबरा दिसतंय."

"आई, त्याला आता गार वाटेल."

"त्याला इचारलंस का? मंग थरथरतंय कशापायी?"

खरंच थरथरत होता. पंख्याखालनं उठून तो आईच्या खाटेखाली गेला आणि माझ्याकडे पाठ करून बसला. दुसऱ्या दिवशी खाजवायला लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी फिरवून आणला तर पाठ गुलाबी झालेली. मी त्याला उचलून डॉक्टरकडे पळालो.

डॉक्टर मुलगी तरुण. तिनं त्याला टेबलावर ठेवलं, पाठीवर अलगद हात फिरवला. "काका, हे कोणी केलं?"

"न्हाव्यानं," मी म्हटलं. अगदीच खोटं नव्हतं.

"याला दोन थर असतात. आतली मऊ लव आणि वरचे लांब केस. दोन्ही मिळून ऊन अडवतात. ब्रश करून आतली सुटलेली लव काढायची, की हवा खेळते. तुम्ही त्याची छत्रीच काढून घेतलीत."

"परत येतील ना?"

"बहुतेक येतील. सहा महिने, वर्ष. काही जणांना ठिकठिकाणी येतच नाहीत."

"घरची मंडळी चार आठवड्यांत येतायत."

ती पहिल्यांदा हसली. "त्यावर माझ्याकडे औषध नाही."

त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पेढीवर गिऱ्हाईक भाव विचारायचं आणि मी केस मोजायचो, म्हणजे मनात. घरी आलो की प्रत्यक्ष. कापडाचे धागे मोजायचं आमचं छोटं भिंग असतं. ते मी कुत्र्याच्या पाठीवर टेकवून दिवसातनं पाच-सहा वेळा बघायचो. तो पहिल्यांदा सरकायचा, दुसऱ्यांदा सुस्कारायचा, तिसऱ्यांदा उठून दुसऱ्या खोलीत जायचा. मी भिंग घेऊन मागे. रात्री कूस बदलताना वाटायचं, आत्ता या क्षणी वाढत असतील. सकाळी पाहावं तर पाठ तशीच. आईनं सांगितलं, टकलाला कांद्याचा रस चांगला. मी कांदा चिरून रस गाळून फ्रिजमध्ये ठेवायला गेलो आणि दारावरचा कागद पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. कांदा बिलकूल नाही. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "काका, त्यानं तो चाटला तर विषबाधा होईल. तुम्ही आता काहीही करू नका. काहीही म्हणजे काहीही."

मला आयुष्यात मिळालेला हा सगळ्यात अवघड सल्ला.

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे संध्याकाळचे साडेसात. बायकोचा व्हिडिओ कॉल. पहिल्या दिवशी मी कुत्र्याचं नुसतं तोंड दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "शेपटी दाखवा की." शेपटी दाखवली. असं पुढं रोज सुरू झालं. तोंड आणि शेपटी ती बघायची, मधला मुलूख नकाशातनं गायब. उन्हापासून राखायला शिंप्याकडनं मलमलची बंडी शिवून घेतली, ती एकदा चुकून दिसली.

"अंगात काय घातलंय?"

"सगळे घालतात हल्ली."

"बरं दिसतंय. ब्रश करता ना रोज?"

"हो तर."

"किती वेळ लागतो?"

"लागतो अर्धा तास," मी म्हटलं. त्या पाठीवर ब्रशाला धरायलाही काही नव्हतं.

फोन ठेवला की मी अंगणात फेऱ्या मारायचो. नवीन खोटं रचायचो. बुरशी झाली, डॉक्टरांनीच काढायला लावले, हे मला पसंत पडलं. त्याची मी उजळणी केली. तारीख ठरवली, बुरशीची जागा ठरवली. एवढी मेहनत मी कुठल्याच सौद्यावर केलेली नाही.

सहा आठवडे झाले आणि बायको आली. कुत्रा खाटेखालनं असा सुटला, की बंडी मागच्या पायात अडकली. तिनं जमिनीवर बसकण मारली, त्याला मांडीवर घेतलं, बंडीची गाठ सोडली. खांद्यावर जरा धूसर लव आली होती. पाठीवर काहीच नव्हतं. तिनं तिथं हात ठेवला.

मी बुरशी सुरू केली. तिनं मला सबंध बोलू दिलं. मधेच विचारलंसुद्धा, "कुठल्या बाजूला होती?" मी म्हटलं, डाव्या. संपल्यावर ती म्हणाली, "झालं?"

"झालं."

"आईंनी त्याच दिवशी फोन केला होता."

मी आईकडे पाहिलं. आई टीव्हीकडे बघत होती. "मना कुनी सांगितलं नव्हता, सांगू नको म्हनून," ती म्हणाली.

"मग रोज शेपटी कशाला बघत होतीस?"

"बघत होते, तुम्हाला किती दिवस पुरतंय ते."

मला वाटलं, आता हसेल आणि मिटेल. ती हसली नाही. कुत्र्याच्या पाठीवरचा हात न काढता म्हणाली, "भादरायच्या आधी एक फोन केला असता तर काय झालं असतं?"

उत्तर मला माहीत होतं. ती नको म्हणाली असती. म्हणूनच केला नव्हता.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त माझ्या हातात काही देणं बंद केलं. कुत्र्याचं खाणं, ब्रश, सकाळचा फेरा, सगळं "मी बघते". मी पट्टा उचलला की ती शांतपणे तो माझ्या हातातनं घ्यायची. मग ते कुत्र्यापुरतं राहिलं नाही. दूध तापवायला ठेवलं तर "मी बघते", आईच्या गोळ्या काढायला गेलो तर "राहू द्या". घरभर मी मोकळ्या हातांनी हिंडत होतो. खुर्चीत बसवेना, पेढीवर करमेना. सव्वीस वर्षांत तिनं किती गोष्टी बिनधास्त माझ्या हाती दिल्या होत्या, ते त्या बंद झाल्यावर मला मोजता यायला लागलं.

जुलैत नाशिकहून फोन आला, मुलगी झाली. दोघी दवाखान्यातनं घरी आल्यावर आम्ही निघालो. आईला भावाकडे खारबावला सोडलं. कुत्र्याला मागे ठेवायचा प्रश्न निघाला नाही, तो गाडीत बायकोच्या मांडीवर होता. तोवर त्याला आखूड केस आले होते. पाठीच्या मध्यावर तळहाताएवढी जागा मात्र उघडी राहिली. ती आजही तशीच आहे.

मुलीच्या घरी बाळ सगळ्यांच्या हातांतनं फिरत होतं. विहीणबाई, जावई, शेजारची एक बाई. माझी पाळी आली तसे मी उभ्यानं हात पुढे केले आणि बायकोकडे पाहून मागे घेतले. बाळ तिच्याकडे होतं. खोलीत कुणाला काही कळलं नाही. मुलगी म्हणाली, "आई, बाबांना दे ना."

बायको जरा थांबली. "बसा आधी," ती म्हणाली.

मी खाली बसलो.

"मांडी घाला. भिंतीला टेका. डोक्याखाली हात. असा नाही, असा."

तिनं बाळ ठेवलं. तिचा हात खाली होता, माझ्या हाताच्याही खाली. बराच वेळ तो तसाच होता. बाळानं तोंड वाकडं केलं, एक जांभई दिली आणि झोपलं. मग दाराशी कुत्रा कुरकुरला, त्याची बाहेर जायची वेळ झाली होती. बायकोनं हात काढून घेतला, पट्टा घेतला आणि त्याला घेऊन जिना उतरून गेली. मागे वळून पाहिलं नाही.

माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. नाक खाजत होतं. मी हललो नाही.