चौथ्या शुक्रवारचे पाणी

हे मी कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलाला नाही; देवापुढे हात जोडतानाही या गोष्टीला मी बाजूने वळसा घातला. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ रेटत नाही.

तशी बाब क्रिकेटची. तुम्ही हसाल. एका अनिर्णित सामन्याचे ओझे कोणी इतकी वर्षे वाहते का? मी वाहिले. पण सरळ तेथवर जाणे मला जमणार नाही. थोडे फिरून जावे लागेल.

आमचा खारबावचा संघ आणि निजामपुऱ्याचा संघ यांच्यात दरवर्षी भातकापणी झाल्यावर एक कसोटी होई. मोकळ्या शेतात मॅट अंथरायची. पांढरे कपडे, लेदरचा चेंडू, दोन्ही संघांचे दोन-दोन डाव. मात्र सलग चार दिवस रिकामे कोणाला होते? निम्मी मुले यंत्रमागावर कामाला, आणि भिवंडीतल्या लूमना सुट्टी शुक्रवारी. म्हणून आमची कसोटी लागोपाठच्या चार शुक्रवारी चाले. जुम्याच्या नमाजासाठी दुपारी खेळ थांबे; त्यावर कधी वाद झाला नाही. एका शुक्रवारी नाबाद राहिलेला फलंदाज पुढचा आठवडाभर नाबादच हिंडे. बाजारात त्याला लोक म्हणत, "अजून नाबाद हायस ना रे? सायकल जपून चालव."

मी पंचायत समितीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस. तरुणपणी सलामीला खेळत असे. पुढे संघाचा व्यवस्थापक झालो, आणि सामन्यानंतरची समीक्षाही माझ्याकडे आली. ही समीक्षा आमच्याकडे एखाद्या विधीसारखी होती. सामना संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, देवळाच्या ओट्यावर खेळाडू बसत. गावही भोवती जमे. मी उभा राहून एकेकाच्या खेळाचे मोजमाप करी. मुले तिला पंचनामा म्हणत. नियम एकच — समीक्षा चालू असताना आणि नंतरही खेळाडूने उलट उत्तर द्यायचे नाही. पूर्वी त्यावरून हाणामाऱ्या झाल्या होत्या, म्हणून वडीलधाऱ्यांनी तो घातला. चांगला नियम होता. बोलणारा प्रामाणिक असेल तर.

मी प्रामाणिक आहे असे सारे मानत. मीही मानत होतो.

त्या वर्षी आम्ही चौथ्या डावात पाठलाग करीत होतो. आधीची दोन वर्षे हरलो होतो; दोन्ही पराभव माझ्या व्यवस्थापनाखाली. तिसरा झाला असता तर — काय झाले असते? काहीही नाही. मला बाजूला करून दुसरा कोणी आला असता, एवढेच. पण त्या दिवसांत मला ते एवढेच वाटत नव्हते.

रघुनाथ खेळत होता. बापाची थोडी भातशेती, स्वतः लूमवर रात्रपाळी. कमी बोलणारा, लांब हातांचा मुलगा. तिशीही आली नव्हती. तिसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी तो नाबाद राहिला होता, आणि चौथ्या शुक्रवारी तेथूनच त्याने डाव उचलला. एका बाजूने गडी पडत गेले, दुसऱ्या बाजूने तो उभा. चहापानानंतर हाताशी दोन गडी उरले आणि विजय वीस धावांच्या आत आला. त्यांचे गोलंदाज थकले होते. क्षेत्ररक्षण पांगले होते. पंचांना चेंडूची शिवण दिसते तोवर खेळ चालणार होता, आणि शिवण अजून दिसत होती.

सामना आमचा होता. हे मला तेव्हाही कळत होते.

खेळ चालू असताना फलंदाजाशी बोलण्याची मुभा आमच्याकडे फक्त व्यवस्थापकाला. म्हणून पाणीही तोच नेई. मी तांब्या घेऊन मैदानात गेलो. दुसरा फलंदाज पलीकडच्या टोकाला बुटाची नाडी बांधत होता. रघुनाथ पाणी प्यायला, त्याने तोंड पुसले. मी म्हणालो, "आता बाद व्हायचे नाही. ड्रॉ चालेल."

त्याने माझ्याकडे पाहिले. "नाना, व्हतंय ना."

"सांगितले तेवढे कर."

बस. एवढेच. यापेक्षा मोठे पाप लोक रोज करतात, असे तुम्ही म्हणाल. पण मी अजून पापापर्यंत आलेलो नाही.

त्याने सांगितले तेवढे केले. जे चेंडू तो दिवसभर सीमेपार धाडत होता, तेच पुढे येऊन शांतपणे अडवू लागला. कडेला बसलेली माणसे आधी गप्प झाली, मग कुजबुजू लागली, मग ओरडू लागली. तो ऐकत होता. एकदा त्याने माझ्या खुर्चीच्या दिशेने पाहिले. मी चष्मा पुसत राहिलो. पंचांनी यष्ट्यांवरच्या बेल्स उचलल्या, तेव्हा आम्हाला सहा धावा कमी होत्या.

निजामपुऱ्याचा कर्णधार अन्वर हस्तांदोलनाला आला. सरळ मनाचा माणूस. म्हणाला, "चाचा, हमारी तो जान निकल गई थी. आपके लड़के ने हाथ में आया हुआ मैच छोड़ दिया." तो हसत होता. भोवती आमची दहा-बारा माणसे उभी होती. त्यांनी ते ऐकले आणि माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी मला बोलायचे होते — त्याने सोडला नाही, मी सोडायला लावला. किती शब्द होतात? मी अन्वरचा हात सोडला आणि मॅट गुंडाळायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर उभा राहिलो. तुम्हाला खरे सांगतो, ती समीक्षा मी उत्तम केली. पहिल्या डावात दवाचा फायदा घेणाऱ्या गोलंदाजाला त्याचे श्रेय दिले. दुसऱ्या शुक्रवारी स्लिपमध्ये सुटलेले झेल, यष्टिरक्षकाचे उशिरा उठणे, मधल्या फळीने आडव्या बॅटने फेकलेले बळी — सारे नेमके सांगितले. आपला संघ जिंकण्याच्या योग्यतेचा आहे, हेही सांगितले. ते खरेच होते. मग मागून कोणीतरी विचारले की शेवटी थांबायला कोणी सांगितले होते. मी त्या दिशेला पाहिले नाही. रघुनाथचा विषय तसाही यायचाच होता. मी म्हणालो, "रघुनाथचा खेळ सर्वांत मोठा. शेवटी छाती कमी पडली."

हे ते वाक्य. ते आयत्या वेळी सुचले नव्हते. रात्रभर घासून तयार केले होते — आधी स्तुती, मग दोष. म्हणजे ऐकणाऱ्याला न्याय झाल्यासारखे वाटते.

रघुनाथने मान वर केली. माझ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या तळहातांकडे. नियम त्याला ठाऊक होता. तो मलाही ठाऊक होता, आणि मी त्याच्या आडोशाला उभा होतो.

गाव वाक्य विसरत नाही. शिंप्याच्या दुकानात कोणी म्हणे, रघूच्या सदऱ्याला कापड कमी लागेल, छाती कमी हाय ना. लग्नाच्या पंगतीत तो भात वाढू लागला की कोणी म्हणे, "हात राखून वाढू नको रे, ही टेस्ट न्हाय." लोक हसत. तोही हसे. मी पंगतीत समोर बसलेला असे आणि जेवत असे.

पुढच्या हंगामात कर्णधार निवडायचा होता. रघुनाथला ते पद हवे होते. त्याने कधी म्हटले नाही. पण हंगामाआधी महिनाभर रात्रपाळी उरकून, न झोपता, तो नवख्या मुलांना सराव देत होता, यावरून कोणालाही कळले असते. बैठकीत मी त्याचे नाव घेतले. हो, घेतले. तेव्हा एक जुना सभासद म्हणाला, "नाना, तुमीच तर बोलले व्हते, छाती न्हाय म्हणून." सर्वांनी माझ्याकडे पाहिले. आता उलट उत्तर द्यायला मला कोणता नियम आडवा येत होता? कोणताही नाही. मी म्हणालो, मग दुसरे नाव सुचवा.

तो आणखी दोन हंगाम खेळला. नंतर लेदरच्या चेंडूला त्याने हात लावला नाही.

येथवरचे कदाचित मी कधीतरी त्याला सांगितले असते. निदान तशी समजूत मी बाळगून होतो. गेल्या हिवाळ्यात माझ्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. मुलगा परगावी. कोणी न सांगता रघुनाथ टेम्पो घेऊन दारात आला. लूम सोडून त्याने तो धंदा धरला आहे. मला पुढे, शेजारी बसवले. खड्डा आला की एका हाताने माझ्या खांद्याला आधार देई.

रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. देशाच्या संघाची कसोटी थोडक्यात अनिर्णित राहिली होती आणि कोणी जाणकार संघाच्या कामगिरीचे मूल्यमापन करीत होता. शेवटच्या तासात अमक्या फलंदाजाने धाडस दाखवले नाही, तेथे विजय निसटला, वगैरे. रघुनाथ गालातल्या गालात हसला. समोर रस्त्याकडे पाहत म्हणाला, "त्याला पन कुनी पानी नेऊन दिलं असंल."

इतक्या वर्षांनी तो त्याबद्दल प्रथमच बोलत होता. आवाजात राग नव्हता. मला वाट काढून दिली होती त्याने — इतकी रुंद, इतकी सोपी, की आंधळ्यालाही दिसावी.

मी म्हणालो, "कसले पाणी?"

त्याने गिअर बदलला. मग त्याचा चेहरा सैल झाला. खरोखर हलका झाला. एका डोळ्याने का होईना, मला ते दिसले. "काय न्हाय, नाना," तो म्हणाला. "मी बायकोला तेच बोलायचो. नाना इसरले असतील, मुद्दाम न्हाय करायचे."

मी मान डोलावली. म्हाताऱ्या, विसराळू माणसासारखी.

दवाखान्याच्या पायऱ्या त्याने मला हाताला धरून चढवल्या. मला सर्व आठवत होते.