दूध सोसायटीतले मासे

माझ्या मावशीच्या यजमानांइतकं डासांशी खाजगी वैर धरलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही, हे मी पैजेवर सांगतो. आम्ही त्यांना मावसोबा म्हणायचो, गाव चेअरमन म्हणायचं. पालीच्या पलीकडच्या त्यांच्या गावात दूध सोसायटी होती आणि ते तिचे चेअरमन. दुष्काळ पडला, गुरं चारा छावणीला गेली, सोसायटीत थेंबभर दूध येईना. दुसरा कुणी घरी बसला असता. हे पठ्ठे बीडला गेले, हिवताप खात्याकडून दुधाच्या कॅनमधून डासाच्या अळ्या खाणारे गप्पी मासे घेऊन आले आणि कॅन गार ठेवायच्या हौदात सोडून दिले. वर सांगायचे, "दूध न्हाई तर न्हाई, सभासद तर हायेत."

मग काय विचारता! गप्पी मासा अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देतो, हे ते रस्त्यात माणूस अडवून सांगत. माशांना भाकरी टाकू देत नसत, आयतं मिळालं की संचालकांसारखे सुस्त होतेत म्हणत. कुणाच्याही घरी गेले की आधी हौदाच्या काठावर टिचकी. पाणी हाललं की डासाच्या अळ्या वळवळत तळाला जातात, त्या हुडकायच्या. एका लग्नात व्याही हार घेऊन उभे, आणि हे मांडवामागच्या रांजणात बॅटरी मारतायत! काही वळवळलं नाही की हात वर करून म्हणायचे, "ठराव मंजूर."

या वेडाला कारण होतं. आदल्या वर्षी डेंग्यूनं मावशी मरता मरता वाचली होती. टँकर कधी येईल याचा नेम नाही, म्हणून घरोघर ड्रम, रांजण, हौद भरलेले, आणि हा डास गटारात नाही, असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. सरकारचं म्हणणं, आठवड्यात एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करून घासा. दुष्काळात पाणी ओतून द्या म्हणताच गावानं मावसोबांनाच ओतून द्यायची तयारी केली. तेव्हा त्यांनी तोड काढली. प्यायच्या पाण्याला जुन्या लुगड्याचं फडकं, वापरायच्या हौदात मासे.

गाव हळूहळू वळलं, पण शेजारची आक्का वळेना. आक्का माळकरी. तिच्या हौदात मासा म्हणजे घर बाटलं.

"आक्का, मी पन माळकरीच हाय," मावसोबा काकुळतीला येऊन म्हणाले. "मासा खाऊ नये म्हन्ती माळ. माशाला खाऊ घालू नये असं कुठं म्हन्ती?"

आक्कानं दार लावून घेतलं.

आणि नेमके मावसोबाच तापानं पडले. डेंग्यूच! गावभर टिचक्या मारणाऱ्या या माणसानं उन्हाळ्यात चिमण्यांसाठी अंगणातल्या लिंबाला गाडगं टांगलं होतं. रोज वरून पाणी घालायचे, घासलं कधीच नाही. मावशीनं टिचकी मारली तर आत नुसती वळवळ. आम्हाला हसू येईना आणि रडूही येईना.

दवाखान्यात मी जवळ होतो. अंगात ताप, आणि बोलणं एकच. टँकर आला का? सोसायटीचा हौद आटत आला असंल, सभासद मरतेत रे. घरोघरचे हौद आधीच आटले होते, हे मासे गेले तर पावसाळ्यात गावाला द्यायला एक उरणार नव्हता. शेवटी त्यांच्या समाधानासाठी मी गावाला गेलो. टँकर आला नव्हताच. मेलेले मासे बघायची मनाची तयारी करून सोसायटीत शिरलो, तर हौदाशी आक्का! स्वतःच्या प्यायच्या पाण्याची घागर हौदात रिती करत होती.

"बघतो कावून असा?" ती म्हणाली. "मुका जीव हाय. माळ घातलीय मी गळ्यात, मरू कसा देऊ?"

हे सांगितलं तेव्हा मावसोबा आठ दिवसांत पहिल्यांदा उठून बसले. घरी आल्यावर धड उभं राहता येत नव्हतं, तरी पहिले मासे आक्काच्या हौदात त्यांनी आपल्या हातानं सोडले.

आता मावसोबा नाहीत. सोसायटीत पुन्हा दूध येतं, गार करायला यंत्र आलंय, जुना हौद बुजवला. पण आक्काच्या हौदात मासे आहेत. परवा गेलो तर वाकलेल्या आक्कानं काठावर टिचकी मारली. आम्ही दोघं आत बघत राहिलो. काही वळवळलं नाही.

"ठराव मंजूर," आक्का हळूच म्हणाली आणि पदरानं डोळे पुसून चहा टाकायला आत गेली.