खालचा म्हणजे चार-दहा

ऑर्लन हॉगनने चाळीस वर्षं वायोमिंगच्या एका लहानशा गावात गाड्यांच्या पोटाखाली उताणं पडून मागचे अॅक्सल दुरुस्त केले. आता वय चौऱ्याहत्तर, गॅरेजही विकलं, पण कुणी नवी गाडी घेतोय म्हटलं की हा विचारणारच, "मागे रेशो कितीचा?" म्हणजे मागच्या अॅक्सलमधल्या दातेरी चाकांचं प्रमाण किती. लोक हसत. मार्वा टोलेसनही हसायची.

मार्वा एकटीच गुरं सांभाळायची. हिवाळ्याआधी गाई घाटापलीकडच्या कुरणात न्याव्या लागत. गेल्या वर्षी जुन्या पिकअपने अर्ध्या घाटातच मान टाकली. मागे ट्रेलरमध्ये गाई हंबरताहेत, वरून बर्फ पडतंय, आणि ही बाई स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडतेय. म्हणून तिने नवी दणकट पिकअप कारखान्यातून बनवून घ्यायची ऑर्डर शोरूममध्ये दिली. हीसुद्धा घाट चढली नाही, तर गुरं विकून मोकळं व्हायचं, असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

ऑर्लनने तिच्याकडे कॉफी पिताना नेहमीचा प्रश्न टाकला.

"खालचा सांगितलाय," मार्वा म्हणाली. "माझे बाबा म्हणायचे, ओझं ओढायचं तर खालचाच घ्यावा."

"बरोबरच म्हणायचे. कागदावर आकडा काय आहे?"

"आता आकडा कशाला? सांगितलं ना, खालचा!"

"कागद काढ, पोरी."

कागदावर होतं तीन-बेचाळीस, म्हणजे ३.४२. ऑर्लनने कप खाली ठेवला.

गोम अशी, की जुन्या मेकॅनिकांच्या बोलीत 'खालचा' म्हणजे खालच्या गिअरसारखा, जास्त जोराचा, आणि जोर वाढला की आकडाही वाढतो. शोरूममधल्या ब्रॅडीने भोळेपणाने 'खालचा' म्हणजे लहान आकडा समजून लिहून टाकला होता. खोटं कुणीच बोललं नव्हतं, पण गाडी मात्र चुकीची येणार होती.

"हा सपाट रस्त्यावर रिकामं हिंडायला छान," ऑर्लन म्हणाला. "भरला ट्रेलर लावलास की घाटात धाप लागेल. तुला चार-दहा हवा."

"नक्की?"

"मग चाळीस वर्षं तोंडावर ग्रीस सांडून घेतलं ते काय हौस म्हणून?"

ऑर्डर त्याच दुपारी कारखान्याकडे जायची होती आणि शोरूमचा फोन कुणी उचलेना. गुडघे कुरकुरत असतानाही ऑर्लन तिच्याबरोबर साठ मैल गेला.

"चार-दहा डिझेल जास्त पिईल हं," ब्रॅडीने बजावलं.

"पिऊ दे की! राबणारा दोन घास जास्तच खातो," ऑर्लन म्हणाला.

ब्रॅडीने आकडा बदलला, मार्वाने सही केली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

ऑक्टोबरात चौदा गाई भरून निघताना मार्वाने ऑर्लनला हट्टाने शेजारी बसवलं. जुनी गाडी बसली होती ते वळण आलं. तिने स्टिअरिंग घट्ट धरलं. पिकअपने आवाज जरा चढवला आणि ती न थांबता वर गेली.

माथ्यावर मार्वाने गाडी बाजूला घेतली. तिचे डोळे भरून आले होते.

"ऑर्लन, तुम्ही नसता तर ही गुरं आज माझी राहिली नसती. तुमचे आभार कसे मानू, कळत नाही."

ऑर्लन मागे वळून ट्रेलरकडे पाहत होता.

"चाळीस वर्षं गाड्या नीट केल्या आणि किल्ल्या लोकांच्या हातात दिल्या," तो म्हणाला. "ओझं घेऊन घाट कसा चढतात ते दाखवायला मला कुणी कधी आत बसवलं नव्हतं गं. आभार मीच मानायला हवेत."