सर्वांत आधी पोहोचल्याची शिक्षा

सांगलीहून निघतानाच मी ताईला फोनवर बजावलं होतं, कोलकात्यात मला कुठेही गायला लावायचं नाही. चौथीत समूहगीताच्या वेळी बाई म्हणाल्या होत्या, "तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून चाळीस वर्षं मी इमानेइतबारे ओठच हलवत आले आहे.

भावोजींची बँकेने कोलकात्याला बदली केली आणि ताई एका अमेरिकन लोकगायकाच्या गाण्यांच्या नादी लागली. तो बँजो घेऊन युद्धाविरुद्ध, मजुरांच्या बाजूने गात जगभर फिरला. फार पूर्वी कोलकात्यालाही येऊन गेला म्हणे. त्याच्या आठवणीत सियालदहजवळच्या एका माडीवर दर महिन्याला मंडळी जमून गातात. आपण फक्त ऐकायचं, असं ताईने कबूल केलं.

वाटेत एस्प्लनेडला उतरून झालमुरी (तिखट चुरमुरे) खाल्ली. मोहरीच्या कच्च्या तेलाने नाकाडोळ्यांतून पाणी काढलं. तरी सांगलीचं भडंगच भारी, हे मी तिथल्या तिथे जाहीर केलं.

कार्यक्रम पाचला होता. आम्ही पावणेपाचला हजर. खाली चहाच्या दुकानाशी पंधरा-वीस जण भांड (मातीचा पेला) हातात घेऊन निवांत उभे होते. वर जायची कुणालाच घाई नव्हती. ताईही चहाला थांबली आणि मला म्हणाली, तू हो पुढे, चांगली जागा धर. या लोकांना वेळेचं काही आहे की नाही, असं पुटपुटत मी जिना चढले.

वर ही मंडळी जमवणारे ऐंशीचे निर्मलदा बँजो जुळवत एकटेच बसले होते. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला. तेवढ्यात जिन्यावर पावलं धडधडली आणि खोली गच्च भरली.

"आगे जे आशबे, शेइ धोरबे," निर्मलदा म्हणाले. (जो आधी येईल, त्यानेच गाणं धरायचं.) त्या गायकाला नुसते श्रोते चालत नसत, म्हणून ही रीत. ताई पदर तोंडाला लावून हसत होती. मला तिचा भयंकर राग आला.

पळावं तर दारापर्यंत माणसं. एकही गाणं आठवेना. शेवटी शाळेत तालावर घोकलेलं तेवढं बाहेर पडलं, "बे एके बे, बे दुणे चार..."

अख्ख्या खोलीने ते तन्मयतेने उचललं. कुणी टाळी धरली, कुणी खालच्या पट्टीत साथ दिली. बे दाहे वीसपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येऊ लागला होता.

हे कुठल्या चळवळीचं गाणं, असं निर्मलदांनी आदराने विचारलं. मी हिंदीत खरं सांगून टाकलं. खोली हसून लोटपोट झाली. निर्मलदा मात्र बँजो सावरत म्हणाले, "फिर तो तीन का भी होगा?"

त्या संध्याकाळी आम्ही पाचाच्या पाढ्यापर्यंत गेलो.

त्या गायकाचं एकही गाणं मला अजून येत नाही. पण सांगलीला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी देवळात आरती सुरू झाली, तेव्हा मी मोकळ्या गळ्याने गायले. सूर जिकडेतिकडे गेले. शेजारच्या वहिनींनी दचकून माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या कडव्याला त्याही मोठ्याने गाऊ लागल्या. इतकी वर्षं आम्ही शेजारी उभ्या राहतो, पण त्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.