बावेचं पाणी मचूळ झालं तेव्हा

"करवंटी पुढं कर," आप्पांची सून म्हणाली आणि हातभर उंचीवरून तांब्या ओतला. निम्मं पाणी करवंटीत, निम्मं माझ्या तोंडावर. केळीचे घड उतरवणारे गडी हसले. "दुष्काळातली माणसं," ती म्हणाली, "पाणी दिसलं की आ वासतात."

मीही हसले. खोटं कशाला सांगू? राहायला खोप त्यांनी दिली होती, काम त्यांनी दिलं होतं. न हसून जाणार कुठं?

माझं गाव माण तालुक्यातलं. चौथीत शाळा सुटली ती पाण्यापायी. घागर भरून येईस्तोवर मास्तर फळा पुसत असायचे. दुष्काळात आम्ही नवराबायको निघालो ते वसईजवळ आप्पांच्या वाडीत टेकलो. नवरा पाणी उपसायच्या इंजिनावर, मी वाफ्यांत. विहिरीला इथं बाव म्हणतात. पहिल्यांदा बावेत डोकावले आणि रडू आलं. आनंदानं नाही. एवढं पाणी, आणि ते यांचं?

सुनेच्या पाटल्यांचा मला कधी हेवा वाटला नाही. तिच्या सांडण्याचा वाटला. केस धुवायला चार बादल्या. उरलेलं सरळ अळवात. माझी आई तोंड धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची.

माझी जीभ त्यांना चुकून सापडली. एकदा बोलून गेले, "आज पानी कालच्यापरीस जड लागतंय." आप्पा हसले. आठवड्याभरात पानवेलीची पानं पिवळी पडली. तेव्हापासून रोज सकाळी मी पाणी चाखायचं, आणि इंजिन किती चालवायचं ते त्यावर ठरायचं. आप्पांनीच समजावलं होतं, "वर गोडं, खाली समुद्राचं. रहाट होता तोवर बाव परत भरायची. जास्त उपसलं की खालचं वर येतं." चाखायचं मात्र करवंटीतूनच. जीभ माझी हवी होती, तोंड नको होतं.

मग पाणी विकत न्यायला टँकर आले. स्टेशनाकडं बिल्डिंगी उठत होत्या. केळीपेक्षा पाणी बरं पिकतं, आप्पा म्हणायचे. दिवसभर इंजिन. आमच्या गावात असाच टँकर यायचा तेव्हा बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. इथं तो गळत निघायचा, रस्ताभर ओली रेघ. त्या रेघेवर मी अनवाणी चालायची. जळायची.

एका सकाळी पाणी मचूळ लागलं. मी म्हणाले, "गोड हाय." चार दिवस तेच म्हणत राहिले. करपू दे यांची केळी. कळू दे एकदा. त्या चार दिवसांत मला छान झोप लागली. लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

पाचव्या दिवशी खरं सांगितलं. भ्यायले म्हणून. आप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. "बाहेर बोलायचं नाही. टँकर बंद पडतील." इंजिन थांबलं नाही.

महिन्याभरात शेजारची मावशी आली. एकटी बाई. रस्त्यावरच्या क्रुसापलीकडं तिची थोडी वांगी, मुळा. इंजिन नाही, रहाट नाही, पोहऱ्यानं शेंदायची. रविवारी चर्चमधून मिस्सा करून आली की मला पाव द्यायची. हातात. तिनं करपलेली रोपं ओट्यावर टाकली.

"आप्पा, माझी बाव खारी झाली. इंजिन थांबवा."

"तुझी खारी झाली त्याला मी काय करू? आमची गोड आहे." आप्पांनी मला हाक मारली. "ए, इकडं ये. हिची जीभ साऱ्या गावाला ठाऊक आहे. सांग गं, कसं लागतं?"

इंजिनाजवळून नवरा मान हलवत होता. नको. नको. मावशी माझ्याकडं बघत होती. तिच्या तळव्यांवर दोराचे घट्टे. त्या चार दिवसांत मी कुणाची रोपं जाळली ते तेव्हा कळलं. जमिनीखाली कुंपण नव्हतं.

मी सरळ ओट्यावरचा तांब्या उचलला.

"ए! त्याला हात..." सून ओरडली.

घोट घेतला. अंगणात थुंकले.

"खारं हाय, आप्पा. महिना झाला. तुमाला ठावं हाय."

"उपकार विसरलीस?"

"न्हाई इसरले. पर पानी खारं हाय."

"सामान उचल."

उचललं. मावशीनं पडवी दिली. तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "पानी खरंच खारं होतं?" मी म्हणाले, "मावशीच्या बावेचं पिऊन बघ." प्याला, आणि थुंकला.

हेवा गेलेला नाही. ज्यांना जन्मभर पाणी फुकट मिळालं त्यांचा हेवा मला मरेपर्यंत वाटेल. पण त्यापायी आता खोटं बोलणार नाही.

उद्या ग्रामसभा आहे. टँकर बंद करा म्हणायला मावशीबरोबर पाच बायका येणार आहेत. बोलणार मी. विचारतील, तू कोण? बाहेरची. होय, बाहेरची. पाणी संपलेलं गाव इथं मी एकटीनं पाहिलंय. शेवटचं माणूस निघताना दाराला कडीसुद्धा लावत नाही. ते सांगेन. नाही ऐकलं, तर टँकरच्या चाकापुढं बसेन. उठवून दाखवा.