मामाची खाडी

आजीच्या अस्थी घेऊन मामा कोकणातून बनारसला आला, तेव्हा मी तिथेच बीएला होतो. मामा तिवरांच्या खाडीत मासे पागायचा. विसर्जन उरकल्यावर मुन्शी घाटावर जाळं सांधणाऱ्या मल्लाहापाशी तो बसला आणि मला म्हणाला, “सांग याला, आमच्याकडे काय काय मिळतं.”

निवटी, बोय, शिंगाळी, काळुंदर. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं आणि विचारायचा कंटाळा होता. प्रत्येकाला मी “छोटी मछली” म्हणत गेलो. जिताड्यासाठी मामाने दोन्ही हात फाकवले, तेव्हा “बड़ी मछली” म्हणालो.

मल्लाह हसला. “बस, दो ही मछली?”

“काय म्हणतो?”

“तुझी खाडी श्रीमंत आहे म्हणतो.”

मामा खुलला. मल्लाहाच्या लक्षात राहावीत म्हणून पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, नावं सांगू लागला.