माझ्याविरुद्ध सह्या गोळा करणारे काका

अनघाचा फोन आला तेव्हा मी दुकानात कुणाच्या तरी गोळ्यांवर लेबल चिकटवत होतो. "नितीन, बाबा गेले रे," ती म्हणाली. जेवण झालं, आमटी आज जमली आहे असं काकूंना सांगितलं, आणि खुर्चीत डोळे मिटले ते मिटलेच. मी "निघतोच" म्हणून फोन ठेवला, आणि... आता लिहायला बसलोच आहे तर लिहितो. माझ्या मनात आधी दुःख आलं नाही. आधी आलं ते हे, की आता त्यांना कधीच कळणार नाही. डोळ्यांत पाणी त्यानंतर आलं. तिच्या बाबांनी, मनोहरकाकांनी, मला कौन्सिलवर, म्हणजे इथल्या नगरपालिकेवर, निवडून आणलं आणि मनोहरकाकांनीच मला तिथून खाली उतरवलं. त्या माणसापासून मी एक गोष्ट शेवटपर्यंत लपवली. ती सांगणार आहे, पण आधी काकांना येऊ द्या. ते माझ्या त्या गोष्टीपेक्षा कितीतरी मजेशीर होते.

न्यूझीलंडमधल्या आमच्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुकेकोहेची कांद्या-बटाट्याची शेतं मागे टाकून बरंच पुढे गेलं की लागतं. लहान आहे, औषधाचं दुकान एकच आणि ते माझं. शेजारच्या घरात अनघा, हॉस्पिटलात नर्स आहे, आणि तिच्याकडे मिरजेहून कायमचे राहायला आलेले तिचे आईवडील, शुभाकाकू आणि मनोहरकाका. काकांनी उभा जन्म आयुर्विमा विकला. निवृत्त झाले तरी दारं वाजवायची खाज काही गेली नव्हती. आल्या आल्या पायात जांडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अडकवून त्यांनी आख्ख्या रस्त्यावर प्रत्येक घरी जाऊन स्वतःची ओळख करून दिली. अनघाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा, इथे आधी सांगितल्याशिवाय कुणाच्या दारात जात नाहीत!" त्यावर काका शांतपणे म्हणाले, "मग आधी सांगायला तरी दारातच जावं लागेल ना?" महिन्याभरात रस्त्यावरची माणसं त्यांना 'किया ओरा, मनो!' असा माओरी नमस्कार घालून हाका मारायला लागली, आणि इतकी वर्षं तिथे राहून मला ज्यांची नावं ठाऊक नव्हती त्यांच्या नातवंडांचे वाढदिवस काकांना पाठ झाले.

कौन्सिलच्या निवडणुकीला मी उभा राहिलो ते दुकानात येणाऱ्या चार लोकांनी भरीला घातलं म्हणून. इथे रेट्स म्हणजे आपली घरपट्टी, आणि त्या वर्षी तिनं सगळ्यांच्याच नाकी नऊ आणले होते. मी पत्रकावर छापलं, रेट्स वाढू देणार नाही, एका डॉलरनंही नाही. मतदान पोस्टानं होतं हे ऐकून काका हबकलेच. "मत पाकिटातून? मग माणूस माणसाला बघणार कधी?" आणि माझी पत्रकं उचलून ते कामाला लागले. त्यांचा गुडघा दुखायचा, म्हणून रस्त्याच्या टोकापर्यंत मी गाडीनं सोडायचो, पुढे ते एकटे. मी बरोबर येतो म्हटलं तर म्हणाले, "तू नको. मालानं स्वतः बोलायचं नसतं." दारात त्यांचं भाषण एवढंच, "धिस बॉय, ही विल नॉट रेज. माय गॅरंटी." आणि छातीवर हात.

त्याच दिवसांत कौन्सिलचा पाण्याचा इंजिनियर दुकानात ब्लड प्रेशरच्या गोळ्या न्यायला आला. माझं पत्रक काउंटरवर होतं. ते वाचून तो हसला आणि हळूच म्हणाला, "मेट, मेन स्ट्रीटखालचे पाइप सडून संपलेत. कुणीही निवडून या, रेट्स वाढणारच." मी त्याच्या गोळ्या पिशवीत घातल्या, दिवसातून एकच, जेवणानंतर, असं सांगितलं. तो गेला. बाहेर गाडीजवळ काका नवी पत्रकं घेऊन माझी वाट बघत होते. मी त्यांना सोडायला गेलो. वाटेत बोलायला भरपूर वेळ होता... मी हवेबद्दल बोललो.

निवडून आलो. काकांनी काकूंकडून रस्त्याला पुरतील एवढे बेसनाचे लाडू करून घेतले. वर्ष व्हायच्या आत पाइपांचा ठराव आला आणि वाढीच्या बाजूनं मी हात वर केला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, पाइप खरंच संपले होते. घरोघर बिलं गेली, आणि त्या रविवारी काका आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे. मला वाटलं बोलणी खावी लागणार. तर खुर्ची ओढून बसले, पोह्यांवर लिंबू पिळलं आणि विचारलं, "नितीन, नगरसेवकाला परत बोलवायचं असेल तर इथे कायदा कुठला?"

"कुठल्या नगरसेवकाला, काका?"

"तुलाच रे. आणि दुसऱ्या कुणाला मी ओळखतो?"

मी त्यांना नीट समजावून सांगितलं, की असा कायदा इथे नाही, पुढच्या निवडणुकीपर्यंत कुणी हलवू शकत नाही. काका विचारात पडले. मग म्हणाले, "म्हणजे तुझं तुलाच उतरावं लागणार. बरं, आपण सह्या घेऊ. म्हणजे तुला उतरायला सोपं जाईल." हे ते इतक्या मायेनं म्हणाले की माझी बायको ओट्याकडे तोंड करून हसायला लागली. मी विचारलं, मी त्यांचं काय वाकडं केलं? "माझं काही नाही. पण त्या लोकांनी तुला नाही, मला बघून मत दिलं. पॉलिसी मी विकली. आता क्लेम आलाय, तर एजंटानं पळून कसं चालेल?" आणि निघताना, चपला घालता घालता, "शनिवारी गाडी आण. गुडघा."

तर पुढचे काही शनिवार मी स्वतःविरुद्धच्या सह्यांसाठी काकांना गाडीतून घेऊन फिरलो. मी गाडीत, ते दारात. लोक माझ्याकडे बघून हात हलवायचे आणि मग सही करायचे. एका घरातून काका कागदात गुंडाळलेला गरम स्कोन, म्हणजे इथला छोटा गोडसर पाव, घेऊन आले. "घे. सही तुझ्याविरुद्ध केली, आणि हा तुझ्यासाठी दिला. जॅम आत आहे." आम्ही गाडीतच अर्धा अर्धा खाल्ला. इतकं हसलो होतो की काकांना ठसका लागला.

मग जोआनचं घर आलं. एकटी राहणारी म्हातारी, माझं जुनं गिऱ्हाईक. तिनं सही करायला साफ नकार दिला. बिचाऱ्याला तेव्हा पाइपांचं काय ठाऊक, निवडून आत गेल्यावर कळलं असेल, असं तिचं म्हणणं. पाऊस लागला होता आणि काका छत्री न उघडता तिच्या दारात उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "करेक्ट! ही डिड नॉट नो! व्हेरी ऑनेस्ट बॉय! बट प्रॉमिस इज प्रॉमिस." गाडीची काच खाली होती. मी ती वर केली. काका भिजून आत बसले आणि म्हणाले, "बाई चांगली आहे. तुझ्यावर विश्वास आहे तिचा." एवढं बोलून त्यांनी रुमालानं डोकं पुसलं. तेव्हा सांगायचं होतं. तेव्हाच सांगायचं होतं. मी हीटर वाढवला.

कौन्सिलच्या सभेत कुणाही नागरिकाला थोडा वेळ बोलता येतं. काका कोट घालून आले. मेयरसमोर उभे राहून म्हणाले, "आय सोल्ड यू धिस मॅन. नाउ आय कम टू सेटल द क्लेम." लोक हसले, मेयर हसला, मीही हसलो. पुढच्या आठवड्यात मी राजीनामा दिला. त्यात लिहिलं, 'निवडून येईपर्यंत मला पाइपांची कल्पना नव्हती, तरीही...' ते वाक्य काकांचंच होतं, त्यांच्या तोंडी खरं होतं. मी ते माझ्या सहीनं खोटं केलं. काका मात्र हरखले. "आता परत उभा राहा. नवी पॉलिसी काढू, अटी मोठ्या अक्षरात छापू!" मी नाही म्हणालो, तर त्यालाही त्यांनी माझा मोठेपणाच मानलं. महाराष्ट्र मंडळात कुणी नवीन भेटलं की माझा दंड धरून सांगायचे, "हा बघा, शब्द मोडला म्हणून खुर्ची सोडणारा माणूस." प्रत्येक वेळी मी तिथेच उभा असायचो, हातात चहाचा कप घेऊन.

परवा शुभाकाकूंना सगळं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. हात थांबले नाहीत, जुडी पुरी निवडून झाली. मग म्हणाल्या, "मला कशाला सांगतोस? मी कुठे तुझ्यासाठी फिरले होते? ते जिथे जिथे उभे राहिले तिथे जा." मी उठलो तर म्हणाल्या, "आणि चालत जा. गाडी कशाला हवी तुला, गुडघे धड आहेत अजून."

शनिवारी गेलो. पहिलं घर जोआनचंच घेतलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि मग दारातच मला सुनावलं. "तो पावसात उभा राहून तुझ्या बाजूनं बोलला, आणि तू गाडीत बसून होतास." मी हो म्हणालो. "तुझ्या दुकानात मी येत राहीन, कारण दुसरं दुकान नाही," ती म्हणाली. दार लावता लावता थांबली. "पुढच्या घरी कुत्रा आहे. फाटकातून आधी हाक मार. मनो मारायचा."

हाक मारली. कुत्रा भुंकून गप्प झाला. बेल वाजवली आणि माझ्या नकळत मी पायरी उतरून खाली उभा राहिलो. काका नेहमी तसे उभे राहायचे. दार उघडणाऱ्याला मान वर करायला लावू नये, म्हणायचे, आपण करावी. आतून पावलं वाजली. मी मान वर केली.